पोरांचा खर्च कोण करतो?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ निपाणीतली ही व्याख्यानमाला चालते, ते शाळा सोडलेल्या मुलाचं घर शोधत जायचे. मूल आलं नाही तर हजेरीपटावर लाल शाईनं रेघ ओढून थांबणं त्यांना जमलं नाही. म्हणून आजचा विषय मी संयोजकांकडून मागून घेतला. आपल्या गल्लीतल्या, वस्तीतल्या पोरांना मारामाऱ्या, टोळ्या आणि हत्यारं यांच्यापासून लांब ठेवायचं काम कोणी करायचं आणि त्यासाठी पैसा कुठून आणायचा, हा तो विषय. व्याख्यानात आकडेमोड करण्याची रीत नाही, पण मी ती करणार आहे. या विषयावर संस्कार, मोबाईल आणि बिघडलेली पिढी एवढंच बोलून आपण घरी जातो आणि हिशेबाची वही उघडायची राहून जाते.

पंधरा ते बावीस वयाच्या पोरावर शाळा सुटल्यानंतर खर्च कोण करतं, ते बघा. क्रिकेट स्पर्धेच्या जर्सीवर कुणाचा फोटो असतो? पहिलं बक्षीस कुणातर्फे असतं? गणपतीतली डॉल्बी, शिवजयंतीची मिरवणूक, चौकातला फ्लेक्स, रॅलीच्या दिवशीचं पेट्रोल, रात्रीचं जेवण हे सगळं कोण देतं? पोरगं ठाण्यात बसलं तर रात्री बारा वाजता सोडवायला कोण जातं, वकील कोण देतं? प्रत्येक गल्लीत याचं उत्तर ठरलेलं आहे. तो कुणीतरी 'भाऊ' असतो. कधी प्लॉटच्या व्यवहारातला, कधी व्याजानं पैसे लावणारा, कधी मटक्यातला, कधी पुढच्या निवडणुकीत उभं राहायचं म्हणणारा. त्याच्या वाढदिवसाला तलवारीनं केक कापतात आणि त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या स्टेटसला लागतो. पोरांचं त्याच्यावर मनापासून प्रेम असतं, हे आपण मान्य केलं पाहिजे. घरात कुणी आजारी पडलं तर गाडी त्याची येते. ज्या वयात आपल्याकडे कुणाचं तरी लक्ष असावं असं वाटतं, त्या वयात लक्ष देणारा तो एकटाच भेटतो.

माझ्या माहितीतल्या एका मुलाची गोष्ट सांगतो. नाव सांगणार नाही, गल्लीही सांगणार नाही. बाप बेळगावातल्या वडगावात यंत्रमागावर होता. माग विकले गेले आणि बाप वॉचमन झाला. मुलानं नववीत शाळा सोडली. सुरुवातीला तो मंडळाचे फ्लेक्स बांधायला जायचा, खांबावर चढण्यात तरबेज होता. मग वर्गणीच्या पावत्या फाडायला जाऊ लागला. पुढे एकदा त्याला सांगितलं गेलं की एका प्लॉटवर जाऊन उभं राहायचं, बाकी काही करायचं नाही. सात-आठ पोरं होती, प्रत्येकाला पाचशे रुपये. त्यानं ते पैसे आईच्या हातात दिले. असं तीन-चार वेळा झालं. पुढच्या खेपेला समोरूनही पोरं आली, तीही अशीच पाचशे रुपयांवर उभं राहायला आणलेली. उसाच्या पट्ट्यात कोयता विकत आणावा लागत नाही, तो घरातच असतो. एकाचा हात मनगटापासून लोंबला. फिर्यादीत या मुलाचं नाव तिसरं होतं. वय सतरा. त्याची आई मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होती: "त्याला नुसतं उभं राहायला बोलावलं होतं ओ."

ज्यांच्या भांडणासाठी ही पोरं उभी होती, त्या दोघांची पुढे तडजोड झाली.

नववीत शाळा सोडल्यापासून त्या दिवसापर्यंत दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत नगरपालिका, पंचायत, शाळा, राज्य सरकार, केंद्र सरकार यांतल्या कुणीही या मुलावर एक रुपया खर्च केला नाही. त्यानंतर मात्र खर्च सुरू झाला. पोलीस, बाल न्याय मंडळ, निरीक्षणगृह, सरकारी वकील, सरकारी दवाखाना. त्या दुसऱ्या पोराच्या हातावरच्या शस्त्रक्रिया वेगळ्याच. माझं म्हणणं एवढंच आहे की या खर्चातला थोडासा भाग त्या दोन वर्षांत करायला हवा होता. तो गावच्या पैशानं करावा आणि माणसावर करावा.

हातात असलेला उपाय म्हणून आपण आजवर पोलिसांकडे बघत आलो. कर्नाटकात 'राउडी शीट' नावाचं दप्तर असतं. सण किंवा निवडणूक आली की त्यात नाव असलेल्यांना मैदानावर बोलावून परेड घेतात, समज देतात, जामीनपत्र लिहून घेतात. खरोखरच्या गुंडांवर नजर ठेवणं हे पोलिसांचं काम आहे आणि त्यांनी ते करावं. पण एकोणीस वर्षांचं पोर चाळिशीतल्या मुरलेल्या माणसाशेजारी तासभर उन्हात उभं करून आपण त्याची ओळख नेमकी कुणाशी करून देतो, याचा विचार करा. ज्याचं नाव त्या दप्तरात चढलं, त्याला गल्लीतली चांगली पोरं टाळतात आणि भाऊ जवळ करतो.

या बाबतीत आपल्या भागाचा इतिहास मोठा आहे, आणि आपण तो विसरलो आहोत. ब्रिटिशांनी 1871 साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानेच माणसं गुन्हेगार ठरवली. त्या काळात कोल्हापूर संस्थानातही महार, मांग, रामोशी, बेरड यांना गावकामगारापुढे रोज हजेरी द्यावी लागे. शाहू महाराजांनी 1918 साली ही हजेरी बंद केली. निपाणीहून कागल किती लांब आहे? ज्या घराण्यात त्यांचा जन्म झाला, ते तिथलं. महाराज हजेरी बंद करून थांबले नाहीत. फासेपारध्यांना त्यांनी कामं दिली, वस्त्या करून दिल्या, विश्वासाची जागा दिली. कोल्हापुरात 1901 पासून एकामागून एक वसतिगृहं उभी राहिली. त्यांना संस्थानानं जागा दिली, इमारती दिल्या आणि चालू खर्चाला उत्पन्नही लावून दिलं. या शेवटच्या गोष्टीकडे मी पुन्हा येणार आहे.

शाहू महाराजांचा हुकूम संस्थानापुरता होता. बेळगाव ब्रिटिश मुलखात होतं आणि गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला तो 1952 साली. संशय त्यानंतरही संपला नाही. बेळगावजवळ यमनापूर आहे, जिथं आज हिंडाल्कोचा कारखाना दिसतो. तिथल्या बेरड वस्तीतून डॉ. भीमराव गस्ती आले. चोरी कुठंही होवो, धाड बेरडांच्या वस्तीवर पडायची आणि तरण्या पोरांना उचलून न्यायचे. हे त्यांनी 'बेरड' या आत्मकथनात लिहिलं. मराठीत लिहिलं, म्हणजे आपल्याला वाचता यावं असं लिहिलं. ते उच्च शिक्षण घेऊन वस्ती सोडून जाऊ शकले असते. ते परत आले, बेरडांसाठी आणि देवदासींसाठी राबले आणि 'उत्थान' या संस्थेचं काम त्यांनी याच निपाणी परिसरात उभं केलं. 2017 साली ते गेले. पोराला संशयित म्हणून न बघता पोर म्हणून बघायचं, हे या मातीत कुणी करून दाखवलं असेल तर त्यांनी.

सर्वोच्च न्यायालयानंही आता हे बोलून दाखवलं आहे. मे 2024 मध्ये दिल्ली पोलिसांच्या 'हिस्ट्री शीट'च्या एका प्रकरणात न्यायालयानं अशा दप्तरात अल्पवयीन नातेवाइकांची नावं येण्यावर बोट ठेवलं. मागास समाजातल्या निरपराध माणसांची नावं केवळ पूर्वग्रहापोटी चढू नयेत, यासाठी सर्व राज्यांनी आपले नियम तपासावेत असंही सांगितलं. तेव्हा माझी पहिली मागणी पैशाची नाहीच. वस्तीत मुलांसाठी जो काही उपक्रम सुरू होईल, त्याची मुलांची यादी पोलीस ठाण्यात जाता कामा नये. ज्या दिवशी ती जाईल, त्या दिवशी मुलं यायची बंद होतील.

आता पैशाकडे येतो. सरकारचा पैसा तरुणांसाठी येत नाही असं नाही. तो येतो, पण ज्या दरवाजानं येतो तो या मुलाच्या उंचीचा नाही. कर्नाटकात जानेवारी 2024 मध्ये 'युवा निधी' सुरू झाली. बेकार पदवीधराला महिना 3000 रुपये, पदविकाधारकाला 1500, दोन वर्षांपर्यंत. ही चांगली योजना आहे. पण नववीत शाळा सोडलेल्याला तिच्यात जागा नाही. केंद्राची 'मिशन वात्सल्य' योजना आहे. अडचणीतल्या मुलाला घरी राहून शिकता यावं म्हणून तिच्यात महिना 4000 रुपयांची तरतूद आहे. आपल्या किती गल्ल्यांत हे माहीत आहे? इथं बसलेल्या शिक्षकांनी आपल्या शाळेतल्या अशा एका तरी मुलाचा अर्ज जिल्हा बाल संरक्षण कक्षात भरून द्यावा, अशी माझी विनंती आहे.

खासदार निधी आहे, वर्षाला 5 कोटी. आमदार निधी आहे. या निधीची अट अशी की त्यातून टिकाऊ मालमत्ता उभी करायची, पगारासारखा चालू खर्च करायचा नाही. त्यामुळे वस्तीवस्तीत समुदाय भवनं उभी राहिली. मी त्यातली पुष्कळ बघितली आहेत. दारावर संगमरवरी पाटी, पाटीवर नावं, आणि खाली कुलूप. लग्नाच्या दिवशी उघडतात. बागेत व्यायामाची यंत्रं बसवली, ती गंजली. भवन बांधायला पंचवीस लाख मिळतात, पण संध्याकाळी सहा ते नऊ ते उघडं ठेवणाऱ्या माणसाला द्यायला पैसे मिळत नाहीत. त्या तीन तासांतच पोरगं कट्ट्यावर जातं.

तालमींचंही तसंच. या पट्ट्यात तालीम ही जुनी संस्था. हौद्यातली तांबडी माती, तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबाचा रस घालून ती मऊ करायची, मारुतीला नमस्कार करायचा आणि मग जोर-बैठका. भांडायची खुमखुमी असलेल्या पोराला तिथं भांडायला जागा असते, आणि नियमही असतात. पाठ टेकली की कुस्ती संपली, उठून हात मिळवायचा. बेळगावातल्या एका तालमीचे वस्ताद मला ठाऊक आहेत. उद्यमबागेत लेथवर काम करतात. पाच वाजता सुटले की हातावरचं ऑईल धुऊन तालमीत येतात. तीस-पस्तीस पोरं असतात. त्यांत दोन-तीन अशी, की ज्यांना कुठलीच शाळा ठेवून घेत नाही. कोण दोन दिवस आलं नाही हे वस्तादांना विचारावं लागत नाही, मातीकडे बघून कळतं, आणि तिसऱ्या दिवशी ते पोराच्या दारात जातात. त्या तालमीच्या इमारतीला निधी मिळाला, नवीन फरशी आली, कमान आली. वस्तादांना मात्र एक पैसा मिळत नाही. कारखान्यात त्यांना दुसरी पाळी लागते तेव्हा तालीम बंद राहते. असा माणूस आजारी पडला किंवा म्हातारा झाला की तीस पोरं मोकळी होतात आणि त्याची नोंद कुठल्याही कार्यालयात होत नाही.

या माणसाला पैसे द्यायला पालिकेकडे तरतूद आहे का? घरपट्टीचं चलन नीट वाचा. त्यात कराशिवाय उपकर असतात. त्यातला एक ग्रंथालय उपकर, कराच्या 6 टक्के. कर्नाटकाच्या 1965 च्या ग्रंथालय कायद्यानुसार आपण तो भरतो. म्हणजे बेळगाव-निपाणीतलं प्रत्येक घर दरवर्षी वाचनालयासाठी पैसे देतं. मग आपल्या प्रभागात संध्याकाळी उघडी असलेली, दिवे आणि पंखे असलेली, मराठी-कन्नड पुस्तकं आणि स्पर्धा परीक्षांची मासिकं ठेवणारी अभ्यासिका का नाही, हे विचारायचा हक्क आपण रोख पैसे मोजून घेतलेला आहे. खेड्यांत हे काही प्रमाणात झालं. ग्रामपंचायतींची ग्रंथालयं 2019 मध्ये ग्रामविकास खात्याकडे आली. आज 'अरिवु केंद्र' या नावानं राज्यात अशी साडेपाच हजारांहून जास्त आहेत आणि तिथं बसायला नेमलेला माणूस आहे. दुसरी तरतूद राखीव निधीची. शहर संस्थांनी आपल्या निधीतले 24.10 टक्के अनुसूचित जाती-जमातींसाठी, 7.25 टक्के इतर गरीब वर्गांसाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असा या राज्याचा नियम आहे. यातले पैसे गटारात आणि पेव्हर ब्लॉकमध्ये जातात, ही ओरड जुनी आहे. त्यातून वस्तीतल्या मुलांचा प्रशिक्षक नेमा, अशी मागणी मात्र मी कुठल्या सभेत ऐकलेली नाही.

हिशेब करू. बेळगाव महापालिकेचे 58 प्रभाग आहेत. प्रत्येक प्रभागात दोन माणसं नेमली, एक अभ्यासिका सांभाळणारा आणि एक मैदान किंवा तालीम सांभाळणारा, आणि प्रत्येकाला महिना 18 हजार रुपये दिले, तर वर्षाला साधारण अडीच कोटी रुपये होतात. एका खासदाराच्या एका वर्षाच्या निधीच्या निम्मे. एवढ्या मोठ्या शहराला हे न परवडणारं आहे असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं रस्त्याच्या एका कामाचं अंदाजपत्रक काढून शेजारी ठेवावं.

ही कल्पना माझी नाही, नवीनही नाही. एप्रिल 1925 मध्ये याच निपाणीत मुंबई इलाखा प्रांतिक बहिष्कृत परिषद भरली होती आणि अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती. तिनं सुरुवातीला काय केलं ते बघा. सोलापूरला जानेवारी 1925 मध्ये विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढलं आणि त्याला सोलापूर नगरपालिकेनं अनुदान दिलं. मुंबईत मोफत वाचनालय काढलं. आणि महार तरुणांसाठी हॉकी क्लब काढला, जुगार आणि दारू यांच्या नादाला पोरं लागू नयेत म्हणून. वसतिगृह, वाचनालय, मैदान आणि नगरपालिकेचं अनुदान, सगळं त्यात आलं. ज्या माणसापुढे अख्ख्या समाजाच्या मुक्तीचा प्रश्न उभा होता, त्याला संध्याकाळच्या हॉकीसाठी वेळ काढावासा वाटला. परिषदेची शताब्दी निपाणीनं साजरी केली. बाबासाहेबांच्या सभेचा हॉकी क्लब मात्र आपण घेतला नाही.

आजच्या काळातलं उदाहरण नागपूरचं. हिस्लॉप कॉलेजातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 च्या सुमारास झोपडपट्टीतल्या पोरांना पावसात खेळताना पाहिलं आणि त्यांना फुटबॉल दिला. 'झोपडपट्टी फुटबॉल'पासून पुढे 'स्लम सॉकर' उभं राहिलं. या कामावर बेतलेला, 2022 साली आलेला 'झुंड' हा सिनेमा आपण सगळ्यांनी पाहिला. त्याच मैदानावर अखिलेश पॉल नावाचा तरुण गुन्हेगारीच्या वाटेवरून परत फिरला आणि 2010 साली रिओमधल्या बेघरांच्या विश्वचषकात भारताचा कर्णधार झाला. सिनेमा बघून आपण टाळ्या वाजवल्या ते बरोबरच. पण बारसे सरांनी हे काम सुरू केलं तेव्हा पदरचे पैसे घातले, आणि प्रत्येक गावाला बारसे सर मिळत नाहीत. म्हणूनच सार्वजनिक निधी लागतो.

परदेशात ग्लासगो शहर चाकूहल्ल्यांसाठी बदनाम होतं. 2005 साली तिथल्या पोलिसांनीच वेगळं पथक काढलं आणि हिंसा हा साथीच्या रोगासारखा आरोग्याचा प्रश्न धरला. टोळीतल्या पोरांना सांगितलं, मारामारी सोडलीत तर काम, शिक्षण, उपचार यांत मदत मिळेल. सोडली नाहीत तर कारवाई होईल. इंग्लंड आणि वेल्ससाठी 2019 साली 20 कोटी पौंडांचा युवा निधी उभारला, तो दहा वर्षांसाठी. मला त्यातले पौंड मोजायचे नाहीत, वर्षं मोजायची आहेत. पोरगं बारा वर्षांचं असताना हात धरला तर बावीसपर्यंत सोडायचा नाही, याचा तो हिशेब आहे. आपल्याकडे क्रीडा महोत्सव तीन दिवसांचा आणि जनजागृती सप्ताह सात दिवसांचा असतो. शाहू महाराजांनी वसतिगृहांना उत्पन्न लावून दिलं, त्यामागची समज हीच होती.

निपाणीत असा एक निधी आपण प्रत्यक्ष पाहिला आहे. इथल्या बायका वखारीत तोंडाला फडकं बांधून तंबाखू चाळत आल्या, घरात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत आल्या. 1976 साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. विडीवर उपकर बसला आणि त्या पैशातून दवाखाने, घरकुलं आणि कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. जो धंदा आईची छाती पोखरतो, त्यानंच तिच्या पोराच्या शाळेचे पैसे द्यायचे, हा न्याय त्यात होता. त्या शिष्यवृत्तीवर शिकलेली माणसं आज या सभागृहातही असतील. 2017 साली जीएसटी आला आणि तो उपकर गेला. योजना अजून आहेत, पण आता त्यांना दरवर्षी अंदाजपत्रकात जागा मागावी लागते. हक्काचा झरा आटला की काय होतं, हे निपाणीला वेगळं सांगायला नको.

आता जरा अवघड विषय. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नात मी मराठी माणूस म्हणून उभा आहे आणि ते लपवायचं कारण नाही. 1956 पासून या भागानं जे सोसलं ते मला पाठ आहे. पण त्याच अधिकारानं सांगतो, या लढ्यात नेत्यांच्या वाट्याला भाषणं येतात आणि पोरांच्या वाट्याला खटले. येळ्ळूरला 2014 साली 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेला फलक हटवला, पोलिसांनी घराघरांत घुसून मारलं, आणि पुढे खटले वर्षानुवर्षे चालले. 2021 च्या डिसेंबरात पुतळ्यांच्या विटंबनेवरून बेळगावात जे झालं, 2022 च्या डिसेंबरात हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या ट्रकांवर जे दगड पडले, त्यात दोन्ही भाषांची पोरं होती. दगड मारणारा कन्नड पोरगा आणि आपला पोरगा यांची घरं जाऊन बघितली तर सारखीच दिसतील. एक खटला अंगावर आला की पासपोर्ट अडतो, नोकरीची पडताळणी अडते, सैन्यभरती अडते.

सैन्यभरती अडते म्हणजे काय, हे बेळगावला कळतं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आपल्या गावात आहे. पहाटे पाचला रस्त्यावर धावणारी पोरं आपण रोज बघतो. कोरोनाच्या काळात दोन वर्षं भरती झाली नाही. मग 2022 मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षं नोकरी, आणि त्यातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत पोरांना पुढे कायम. कितीतरी पोरांचं वय त्या दोन वर्षांतच निघून गेलं. चार वर्षं पहाटे उठून शरीर कमावलेलं, शिस्त अंगात भिनलेली, आणि अचानक उद्यापासून उठायचं कशाला हा प्रश्न. अशा पोराला हेरायला भाऊला वेळ लागत नाही. तो पोरगा उत्तम प्रशिक्षक होऊ शकतो. प्रभागातली ती दुसरी जागा मी त्याच्यासाठीच धरली आहे.

आणि दोन्ही सरकारांना माझी विनंती आहे. महाराष्ट्रानं 2023 साली सीमाभागातल्या 865 गावांना आरोग्य योजना लागू केली, तर कर्नाटकानं हरकत घेतली. मदतीचंही निशाण झालं. निपाणीची मुलं रोज सकाळी राज्य ओलांडून अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात जातात आणि दुपारी परत येतात, त्यांना त्यात काही अडचण वाटत नाही. कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांनी मिळून या पट्ट्यातल्या तालमींना, अभ्यासिकांना मदत करायची ठरवली, तर त्यात कुणाच्या दाव्याला धक्का लागतो असं मला वाटत नाही.

एक आक्षेप मला माहीत आहे. पैसे आले की खाणारे येतील, आणि जो भाऊ आज खिशातून देतो तो उद्या पालिकेच्या पैशातून देईल. ही भीती खरी आहे. म्हणून पैसे मंडळाच्या नावावर न देता नेमलेल्या माणसाच्या खात्यात द्यावेत, दरमहा. नेमणूक पाच वर्षांची असावी, नगरसेवक बदलला म्हणून माणूस बदलू नये. उपक्रमाच्या जर्सीवर, फलकावर, कमानीवर कुठल्याही माणसाचा फोटो नसावा. गणेश मंडळं जशी जमाखर्च छापतात, तसा दर तीन महिन्यांनी हिशेब भिंतीवर लागावा आणि वस्तीतल्या बायकांनी तो तपासावा. बायकांनी, हे मी मुद्दाम म्हणतो. पोरगं घरी किती वाजता येतं, हे त्यांना माहीत असतं, आणि टोळीतल्या मारामारीचा सूड उगवला जातो तेव्हा घरातली बहीण शाळेतून काढली जाते, हेही त्याच बघतात. मैदानावर मुलींची वेळ ठरलेली असावी आणि ती कुठल्याही सणासाठी रद्द होऊ नये.

हे सगळं केलं तरी सगळी पोरं वाचतील, असं वचन मी देणार नाही. त्या वडगावच्या मुलाच्या गल्लीत संध्याकाळी सहाला उघडं दार आणि आत त्याचं नाव माहीत असलेला एक माणूस असता, तर तो तिथं गेला असता का, हे मला सांगता येत नाही. दार नव्हतं, एवढं सांगता येतं.

नवीन वर्षाचं अंदाजपत्रक मांडण्याआधी महापालिका आणि नगरपालिका नागरिकांची बैठक बोलावतात, सूचना मागवतात. त्या बैठकीला ठेकेदार येतात, व्यापारी संघटना येतात. यंदा तुम्ही या. वस्तादांना घेऊन या, अंगणवाडीताईंना घेऊन या, ज्यांचं पोरगं आत आहे त्या आईला घेऊन या. दोनच ओळींचा अर्ज द्या: आमच्या प्रभागात संध्याकाळी उघडी राहणारी एक अभ्यासिका आणि एक मैदान पाहिजे, आणि ते सांभाळणाऱ्या दोन माणसांचा पगार पाच वर्षं पालिकेनं द्यावा. अर्जाची पोच घ्या. पुढच्या महिन्यात ती पोच घेऊन पुन्हा जा.